वहीतील माणसे

परवा टपालाने मला एकाच दिवशी दोन पत्रे आली. दोन्ही एकाच कचेरीतून निघालेली. दोन्हींवर माझेच नाव, माझाच पत्ता, गिरगावातील त्याच चाळीचा तोच दुसरा मजला. फरक एवढाच, की एका पाकिटावर माझे आडनाव इंग्रजीत एका ‘ए’ने लिहिले होते आणि दुसऱ्यावर दोन ‘ए’ घालून. पहिल्या पत्रात मला साठ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल अभीष्टचिंतन होते. दुसऱ्यात त्रेसष्ट पूर्ण झाल्याबद्दल. त्या कचेरीच्या दृष्टीने मी एक नसून दोन गृहस्थ आहे, ते दोघे एकाच खोलीत राहतात, आणि त्यांच्या वयांत तीन वर्षांचे अंतर आहे. मी दोन्ही पत्रे आमच्या घरात दाखविली, तेव्हा सौभाग्यवतींनी पोळपाटावरून नजरही न उचलता विचारले, “मग आज जेवायला एक येणार की दोघे? कणीक त्या बेताने भिजवते.”

आम्ही दोघे हसलो. परंतु हसू ओसरल्यावर मी ती पत्रे पुष्कळ वेळ हातात धरून बसलो. एका माणसाचे दोन करणाऱ्या त्या अज्ञात कारकुनावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. कारण पूर्वी एकदा मी याच्या नेमका उलट अपराध केला आहे. मी दोन माणसांचा एक माणूस केला होता.

हा अपराध समजण्यासाठी वाचकांना प्रथम माझ्या वडिलांची ओळख करून द्यावयास हवी. ते परळच्या एका गिरणीत हजेरी-कारकून होते. गिरणगावात जॉबरला मान होता, मास्तरांना दरारा होता. हजेरी-कारकुनाला यांपैकी काहीच नव्हते. तथापि त्याच्या वहीत ज्याचे नाव नाही तो माणूस गिरणीच्या फाटकात उभा असूनही नव्हता, आणि ज्याचे आहे तो गावी भातलावणीला गेला असला तरी होता. साचाखाते, सूतखाते, ब्लो-रूम, रंगखाते अशी खातेवार पाने. प्रत्येक पानावर तिकीट-नंबर, नाव, पाळी. आणि पुढे महिन्याच्या दिवसांचे चौकोन. कायम कामगारांचे काम सोपे होते. खरी परीक्षा बदली कामगारांची. कोणी कायमचा माणूस गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर उभे राहता यावे म्हणून हे लोक पाळी सुरू होण्याआधीच फाटकाशी तिष्ठत असत. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने त्यांच्यासाठी कार्डांची पद्धत सुरू केली. पण कार्ड हातात असले म्हणून काम हातात असतेच असे नाही. आज या खात्यात, उद्या त्या खात्यात, परवा कुठेच नाही, असा त्यांचा महिना जाई. अशा माणसाची नोंद चुकणे फार सोपे, आणि चुकली तर तिची दाद लागणे फार कठीण.

वडिलांचा एक नियम होता. वहीतील चूक कधी खरवडावयाची नाही. त्या काळी कारकुनांच्या मेजावर अर्धे ब्लेड असे आणि चुकलेला आकडा ते हलक्या हाताने असा खरवडीत, की कागद उजेडात धरल्याशिवाय कळू नये. वडिलांच्या मेजावर ब्लेड नव्हते. ते चुकीच्या आकड्यावरून तांबड्या शाईची एकच बारीक रेघ ओढीत, वर बरोबर आकडा लिहीत आणि शेजारी सही व तारीख घालीत. एकदा मी त्यांना विचारले, “अण्णा, खाडाखोडीने पान घाण नाही का दिसत?” ते म्हणाले, “पान घाण दिसू दे. खोडलेले वाचता येते. पुसलेले वाचता येत नाही. उद्या माझेच दुरुस्त केलेले चुकीचे ठरले, तर परत कुठे जायचे?” त्यांच्या त्या तांबड्या रेघेला आज संगणकाच्या शास्त्रात मोठमोठी नावे आहेत, आणि ती शिकविण्यासाठी शिबिरे भरतात. आमच्या घरी ते ज्ञान संध्याकाळच्या चहाबरोबर फुकट मिळत असे.

त्यांचा दुसरा नियम मौनाचा होता. कोणाचा पगार किती, कोणाची रजा किती, कोणाच्या पगाराला कोणती वजावट, हे त्यांना तोंडपाठ असे. आणि आमच्या आईलाही त्यातले अक्षर कळत नसे. एकदा रविवारी सकाळी व्याजाने पैसे देणारा एक गृहस्थ आमच्या दारात आला. त्याला एका विणकऱ्याच्या पगाराचा आकडा आणि त्याच्या गावचा पत्ता हवा होता. त्याने येताना पेढ्यांचा पुडा आणला होता. वडिलांनी त्याला बसविले, चहा दिला, पावसापाण्याची चौकशी केली. पेढ्यांचा पुडा मात्र त्याच्याच पिशवीत परत गेला. तो गेल्यावर ते आईला एवढेच म्हणाले, “लोकांनी गिरणीला पत्ता दिला तो मनीऑर्डरीसाठी. याच्यासाठी नव्हे.” ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे तत्त्व आपल्या देशात कायद्याच्या रूपाने २०२३ साली लिहिले गेले. वडिलांना जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षे झाली होती.

वही तीन गोष्टींनी नासते, असे ते म्हणत: आळसाने, भीतीने आणि लोभाने. आळस तर रोजचाच. पण भीतीने वही कशी नासते हे मला उमगले ते परळच्या आसपासचा जुना इतिहास वाचू लागल्यावर. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले आणि सरकारने घरोघर शोध सुरू केला. ज्याच्या घरी रोगी सापडे त्याला इस्पितळात नेत, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत धाडीत, घर धुऊन काढीत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक रोगी लपवू लागले. माणूस गेला तर दुसऱ्याच कसल्या आजाराने गेला असे सांगू लागले. म्हणजे ज्या क्षणी खऱ्या नोंदीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच क्षणी नोंद खोटी झाली. त्या लोकांना मी दोष देऊ शकत नाही. जी वही उघडली की दारात शिपाई येतो, त्या वहीला कोण खरे सांगेल? माहिती सुरक्षित राहील असा भरवसा नसला, की ती शुद्धही राहत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत असे आमच्या धंद्यातले लोक समजतात. मला तर ती एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात.

त्याच प्लेगच्या दिवसांतली दुसरी एक हकीगत परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना मला हटकून आठवते. लस शोधून काढणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. साऱ्या लशीवर आणि तिच्या कर्त्यावर आळ आला. हाफकिन यांना पद गमवावे लागले. परंतु त्या बाटल्यांवर क्रमांक होते. दगावलेल्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. तिचा क्रमांक ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेले लोक सुखरूप होते. पुढे असे निष्पन्न झाले, की ती बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरता निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरले ते १९०७ साली, आणि संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ साली. बाटलीवरचा तो लहानसा क्रमांक नसता, तर एकोणीस मरणांचे खापर हजारो प्राण वाचविणाऱ्या लशीवर कायमचे फुटले असते. मात्र क्रमांक असूनही सत्य मान्य व्हावयास पाच वर्षे लागली, हेही विसरून चालत नाही. वही खरे सांगते. पण ते ऐकून घेणारा कान तिला स्वतःला निर्माण करता येत नाही.

राहिला लोभ. त्याची उदाहरणे शोधण्यास जुन्या काळात जावे लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो दरोडा पडला, त्यात कोणी तिजोरी फोडली नाही. दरोडेखोरांनी बँकेच्या यंत्रणेच्या दारात एक तोतया द्वारपाल बसविला. अठ्ठावीस देशांतील यंत्रांवरून बनावट कार्डांनी पैशांची मागणी येत होती. ती बँकेच्या खऱ्या वहीपर्यंत जाऊच न देता हा तोतयाच ‘द्या’ म्हणून सांगत होता. ९४ कोटींहून अधिक रुपये दोन दिवसांत गेले. हा झाला बाहेरचा चोर. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना प्रारंभी खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येऊ लागले. एका बांधकाम-समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती उभी केल्याचा आरोप तेव्हाच्या पोलीस-फिर्यादीत होता. या दुसऱ्या प्रकाराला कुलूप काय करणार? जेथे किल्लीवालाच वही लिहितो आणि तोच ती तपासतो, तेथे कुलपाचा उपयोग चोराला निर्धास्त करण्यापुरताच.

या साऱ्या गोष्टी मी पतपेढीतील तरुण मुलांना सांगतो आणि ती आदराने ऐकतात. परंतु वडिलांच्या यादीत नसलेले एक चौथे कारण आहे, आणि ते मी सहसा सांगत नाही, कारण ते माझे स्वतःचे आहे. वही नीटनेटकेपणाच्या हौसेनेही नासते.

लालबागेतील एका कामगार-पतपेढीत मी नोकरीस होतो. १९९५ साली पतपेढीने संगणक घेतला आणि जुन्या खातेवह्यांतील सभासद त्यात उतरविण्याचे काम माझ्याकडे आले. तीन-चार पोरे रात्रंदिवस टंकलेखन करीत होती. सारे उतरून झाल्यावर संगणकाने आम्हांला एक लांबलचक यादी छापून दिली: ज्यांचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव आणि पत्ता तंतोतंत जुळतात अशा सभासदांच्या जोड्या. अशा दोनशेवर जोड्या निघाल्या. बहुतेक ठिकाणी खरोखरच माणूस एक होता. सभासदत्व सोडून काही वर्षांनी पुन्हा आलेला, म्हणून दोनदा नोंदलेला. प्रत्येक जोडी जुन्या वहीशी ताडून पाहावी, खात्री झाली तरच दोन नोंदींची एक करावी, असे ठरले होते. पहिल्या शंभर जोड्या मी तशा ताडल्याही. परंतु ताडलेल्या प्रत्येक जोडीत माणूस एकच निघत होता. गणेशोत्सव तोंडावर आलेला, रस्त्यावर ढोल वाजत होते, आणि संचालकांना सर्वसाधारण सभेपूर्वी काम पुरे हवे होते. एका संध्याकाळी मी उरलेल्या जोड्या केवळ यादी पाहून एक केल्या. प्रत्येक जोडीपुढे पेन्सिलीची खूण करीत गेलो, आणि संगणकावर दुसरी नोंद पुसत गेलो. खोडीत नव्हे; पुसत.

रात्री बेरीज काढली. ती पैशाला पैसा जुळली. सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन गौरव झाला. ‘आता आपल्याकडे एक माणूस एकदाच आहे,’ असे अध्यक्ष म्हणाले, तेव्हा मला वडिलांची आठवण होऊन ऊर भरून आला, हे मी लाजत का होईना येथे नमूद करतो.

पुढे २६ जुलै २००५ चा पाऊस आला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हिंदमाता-परळच्या सखल भागात आमची जुन्या दप्तराची खोली होती. तिच्यात छातीभर पाणी चढले आणि खातेवह्यांचा लगदा झाला. आम्ही फारसे हळहळलो नाही. सारे काही संगणकात होते ना!

२०१० च्या सुमारास म्हाडाने गिरणी-कामगारांकडून घरांसाठी अर्ज मागविले. नियम असा, की १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर असले पाहिजे. हे वाचताना तारखांकडे नीट लक्ष द्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील कितीएक पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. म्हणजे अशा माणसाचा सारा हक्क जानेवारीच्या पहिल्या सतरा दिवसांवर येऊन थांबला. ते सतरा दिवस सिद्ध करावयाचे कशाने? तिकीट-नंबर, हजेरीपत्रक, पगाराची पावती, लाल पास, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचा क्रमांक, अशांपैकी काही कागद हवे. गिरण्या पाडून तेथे मनोरे उठले होते. हजेरीबुके कुणी रद्दीत घातली होती, कुणी हरवली होती. तीस वर्षांपूर्वी ज्या कागदाला कुणी विचारीत नव्हते, त्याला एकाएकी घराचे मोल आले.

एके दिवशी दुपारी सिंधुदुर्गातून एक बाई पतपेढीत आली. साठीच्या पुढची, कपाळ मोकळे, सोबत विशीतला मुलगा. तिचा नवरा बदली कामगार होता. संपात गावी परतला आणि काही वर्षांनी तेथेच वारला. तिच्याजवळ त्याचा एक फोटो होता आणि आमच्या पतपेढीचे एक वाळवीने खाल्लेले पासबुक. त्यावर सभासद-क्रमांक तेवढा शाबूत होता. पगारातून वर्गणी कापली जाई, म्हणून आमच्या नोंदीत प्रत्येक सभासदाचा तिकीट-नंबर असे. तिने हात जोडून विचारले, “भाऊ, तेंचो नंबर गावतलो काय?”

‘न मिळायला काय झाले!’ असे म्हणून मी क्रमांक दाबला. संगणकाने उत्तर दिले, की या क्रमांकाचा सभासद नाही. मी पुन्हा दाबला. मग नाव घालून पाहिले. नाव निघाले, गाव निघाले, लालबागेच्या खोलीचा पत्ताही निघाला. पण सभासद-क्रमांक दुसराच होता आणि तो माणूस १९९३ पर्यंत वर्गणी भरीत होता. बाईचा नवरा त्याच्या कितीतरी आधी गेलेला. माझ्या हातापायांतले बळ गेले. मेजाच्या खालच्या खणात ती जुनी छापील यादी मी का कोण जाणे ठेवली होती. ती काढून मी तिच्यात पासबुकावरचा क्रमांक शोधला. तो उत्तरार्धात होता. त्याच्यापुढे माझी पेन्सिलीची खूण होती, वरच्या व खालच्या खुणेसारखीच घाईची.

एकाच गावचे, एकाच नावाचे, ज्यांच्या वडिलांची नावेही एकच, असे दोन भावकीतले तरुण लालबागेच्या एकाच खोलीत राहत होते. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. एक उठे तेव्हा दुसरा त्याच वळकटीवर निजे. गिरणगावातील खोल्या अशाच नांदत. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. बदली होता तो संपात आपले शेअर्स काढून गेला. त्याच्या खात्यात शिल्लक शून्य. म्हणून त्याला पुसून टाकल्यावरही माझी बेरीज जुळली. बेरीज पैशांची असते, माणसांची नव्हे, हे मला इतक्या उशिरा समजावे!

येथे एक गोष्ट कबूल करावयास हवी. उरलेल्या त्या दुसऱ्या माणसाचा तिकीट-नंबर समोर पडद्यावर लखलखत होता. नाव तेच, गाव तेच. तो नंबर एका चिठ्ठीवर लिहून बाईच्या हाती दिला असता, तर माझी चूक माझ्याजवळच राहिली असती, बाई दुवा देत गेली असती, आणि कदाचित तिचा अर्ज खपलाही असता. मी तेव्हा विभागाचा प्रमुख झालो होतो. चिठ्ठीसाठी मी कागद फाडलाही. परंतु त्या नंबरावर ज्याचा खरा हक्क, तोही कुठेतरी असाच कागद घेऊन उभा असेल; एकदा दोघांचा एक करून झाले होते, आता एकाचे तुकडे दोघांत वाटावयाचे काय? मी कागद चुरगळला आणि बाईला सारे खरे सांगितले. पाऊस, पूर, संगणक यांपैकी कशावरही ढकलले नाही.

ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. थोडा वेळ फोटोकडे पाहून तिने एवढेच विचारले, “म्हंजे, ते हयसर नायतच?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

मी माझी चूक वरिष्ठांना लेखी कळविली. त्यांना ती कळविणेच आवडले नाही. संस्थेच्या अब्रूचा प्रश्न निघाला. शेवटी न ताडलेल्या सर्व जोड्यांची छाननी करण्यास परवानगी मिळाली, आणि वर्षभरात आणखी तीन ठिकाणी मी दोघांचे एक केल्याचे उघडकीस आले. पण बाईचे काय? वह्यांचा तर लगदा झाला होता. तेव्हा आमच्या जुन्या शिपायाने सुचविले, की हे लोक जेवायला कुठे जात तेथे विचारा.

एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बाया हा गिरणगावाचा खरा आधार होता. अशा खानावळवाल्या बायांनाच एकत्र आणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आम्ही शोधून काढलेली मावशी ऐंशीच्या घरातली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. मी नाव सांगून, ते दोघे एकच होते की दोन, असे विचारले, तेव्हा ती माझ्याकडे खुळ्याकडे पाहावे तसे पाहू लागली. “अहो, एकाला कांद्याशिवाय घास जायचा नाही, अन् दुसरा कांद्याच्या वासानं पानावरून उठायचा. ते एक कसे हुतील?” मग तिने फळीवरच्या डब्यातून एक तेलकट वही काढली. तिला स्वतःला लिहिता येत नसे. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून ती लिहवून घेई. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर जाऊन पैसे मागावे लागत, म्हणून प्रत्येक ‘मेंबरा’पुढे त्याचा तिकीट-नंबर होता. तेथे ते दोघे एकाखाली एक होते. एका नावापुढे ‘दिसपाळी’, दुसऱ्यापुढे ‘रातपाळी, कांदा नको’.

त्या तिकीट-नंबरावरून भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक निघाला आणि बाईचा अर्ज पुरा झाला. गोष्ट येथे गोड व्हावयास हवी. पण मी गोष्ट लिहीत नाही. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत झाली, १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची झाली. बाईचे नाव कोणत्याच सोडतीत निघाले नाही. दीड लाखाच्या आसपास लोक अजून रांगेत होते, तेव्हा २०२३ साली पुन्हा सर्वांचे कागद तपासण्यात आले. तिच्या मुलाने ते नेऊन दिले आणि मला फोन करून कळविले, की कागदांत काही उणे निघाले नाही. घर मिळाले नाही. परंतु तिचा नवरा आता ‘हयसर’ आहे. माझ्या कर्जापैकी एवढेच मला फेडता आले.

मी पुष्कळदा विचार करतो, की मावशीची तेलकट वही माझ्या संगणकाहून शहाणी का ठरली? मला वाटते, ती वही लिहिणारीला माणसे ताटावर बसलेली दिसत होती, आणि मला ती फक्त ओळीत उभी दिसत होती. याचा अर्थ हजारो माणसांचा हिशेब कांद्याच्या आवडीवरून ठेवावा असा नव्हे. दादरच्या फलाटावर डबेवाले डबे लावताना पाहावेत. झाकणावर उतरण्याचे स्टेशन, इमारत आणि मजला यांच्या खुणा असतात, जेवणाऱ्याचे नाव नसते. कामापुरते लिहावे, कामापलीकडचे लिहू नये, हे त्यांना नेमके साधले आहे. पण झाकणावर थोडे असले तरी जे असते ते अचूक असते, कारण डबा चुकला तर संध्याकाळी त्याच दारात जाऊन उत्तर द्यावयाचे असते. वहीतल्या माणसाला कधीतरी आपल्याला तोंड दाखवावे लागेल, ही जाणीव लिहिणाऱ्याच्या मनात असली, म्हणजे बाकीचे नियम आपोआप पाळले जातात.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की या लेखात मी त्या दोघांची नावे दिलेली नाहीत. वडिलांच्या दोन नियमांपैकी एक माझ्या हातून मोडला. दुसरा तरी पाळावा, म्हणून.

आता माझ्या मेजावर ती दोन पत्रे पडली आहेत. चूक कळविणे हे माझे कर्तव्य आहे. पण भीती अशी वाटते, की पलीकडे एखादा मजसारखाच हौशी तरुण बसलेला असेल, आणि दोघांपैकी एकाला काढताना तो नेमका खऱ्यालाच काढील. म्हणून मी उत्तर लिहिले आहे. दोन्ही सभासद-क्रमांक दिले आहेत, खरी जन्मतारीख दिली आहे, सोबत दाखल्याची प्रत जोडली आहे. आणि शेवटी, तांबड्या शाईचे पेन मिळाले नाही म्हणून निळ्याच शाईने, एक ओळ जास्त लिहिली आहे: “चुकीची नोंद कृपया खोडावी, पुसू नये.”